चाओ
चाओ : इटालियन भाषेतील अनौपचारिक अभिवादन. भेटताना आणि निरोप घेताना, दोन्ही वेळी वापरतात. आज हा शब्द सलगीचा समजला जातो; मूळ मात्र गुलामीचे आहे.

व्हेनिसच्या बोलीत ‘स्चाओ वोस्त्रो’ म्हणजे ‘मी आपला गुलाम’. प्रमाण इटालियनमधला ‘स्कियावो’ (गुलाम) आणि हा ‘स्चाओ’ दोन्ही मध्ययुगीन लॅटिनमधील ‘स्क्लावुस’चे वंशज. ‘स्क्लावुस’चा आधीचा अर्थ स्लाव्ह (पूर्व युरोपातील एक लोकसमूह) माणूस. बाल्कन भागातून पकडून आणलेल्या स्लाव्हांची विक्री इतकी चाले, आणि त्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचा हात इतका मोठा, की लोकांचे नावच गुलामाला चिकटले. इंग्रजी ‘स्लेव्ह’ याच घराण्यातला.

अर्थात, ‘आपला गुलाम’ म्हणणारा कुणी खरोखर गुलाम नसे. अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणाऱ्याइतकाच तो आज्ञाधारक. कार्लो गोल्दोनीच्या ‘ला लोकांदिएरा’ (1753) या नाटकात सरदार मंडळी असला शिष्टाचार सर्रास बोलतात. बव्हेरिया-ऑस्ट्रियातील ‘सेर्वुस’ आणि हंगेरीतील ‘सेर्वुस’ (szervusz) यांचाही मूळ अर्थ हाच. पुढे शब्द झिजला, ‘आपला’ गळून पडला आणि उरला नुसता ‘चाओ’. उत्तर इटलीतून तो देशभर पसरला तो मुख्यतः विसाव्या शतकात.

गंमत अशी की, नम्रतेची परिसीमा असलेला हा शब्द आता अनोळखी वडीलधाऱ्यांना म्हटला तर उद्धटपणा ठरतो. ज्यांना ‘तू’ म्हणता येते त्यांनाच चाओ. बाकीच्यांना सकाळी ‘बुओन्जोर्नो’, निघताना ‘आरिवेदेर्ची’, आणि अरे-तुरे की अहो-जाहो हे ठरत नसेल तर मधला मार्ग ‘साल्वे’. फोन ठेवताना मात्र ओळखीचा इटालियन माणूस एका चाओवर थांबत नाही. ‘चाओ, चाओ-चाओ-चाओ’ अशी घाईची माळ लागते, आवाज लहान होत जातो आणि मग फोन बंद होतो. बोलण्यात ‘ए चाओ’ म्हणजे ‘झालं, संपला विषय’. उत्तर इटलीतील लोम्बार्दीत जुने रूप ‘स्चाओ’ अजून ‘असो, चालायचंच’ अशा सुस्काऱ्यासाठी ऐकू येते.

इटालियन स्थलांतरितांबरोबर शब्द अटलांटिकपार गेला. अर्जेंटिनातील ‘चाउ’ आणि ब्राझीलमधील ‘त्चाउ’ यांनी येण्याचा अर्थ सोडला, फक्त निरोपाचा ठेवला. व्हिएतनामी ‘चाओ’ही अभिवादनच, पण त्याचा इटलीशी काहीएक संबंध नाही.