पारंपरिक धनुष्यावरची साईट

लाँगबो (उंच साधं धनुष्य), लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा एकाच लाकडातून काढलेलं साधं धनुष्य, यांच्यावर मुठीच्या वरच्या भागात नेम धरायला जी ठराविक खूण करतात तिला साईट म्हणतात. ही खूण काहीही असू शकते, टेपखाली खोचलेली आगकाडी, वरच्या लिंबवर चढवलेलं रबरबँड (लिंब म्हणजे धनुष्याची वाकणारी बाजू), फोमच्या पट्टीत टोचलेली गोल डोक्याची टाचणी, नाहीतर रायझरला (धनुष्याच्या मधल्या, न वाकणाऱ्या भागाला) स्क्रूने बसवलेली तयार पिन. काम सगळ्यांचं एकच, दोरी पूर्ण ओढल्यावर डोळा, खूण आणि टार्गेटचा मध्य एका रेषेत आणायचा आणि मग बाण सोडायचा.

साईट नसताना लोक नेम धरतच नाहीत असं मात्र नाही. काही जण नुसतं टार्गेटकडे बघून सोडतात, त्याला इन्स्टिंक्टिव्ह म्हणतात. काही जण बाणाच्या टोकालाच खूण मानतात आणि टोक मध्याच्या किती खाली दिसतंय ते अंतर लक्षात ठेवतात, हे गॅप शूटिंग. अजून एक पद्धत म्हणजे टार्गेटच्या अलीकडे जमिनीवर एखादी वस्तू ठेवून बाणाचं टोक तिच्यावर धरायचं. इंग्लंडच्या होरेस फोर्ड या तिरंदाजाने १९व्या शतकात बाण कानाकडे न ओढता बरोबर डोळ्याच्या खाली ओढायचा आणि टोकाने नेम धरायचा यावर फार भर दिला, आणि १८५७ मध्ये चेल्टनहॅमला डबल यॉर्क राउंडमध्ये (स्पर्धेची एक ठराविक फेरी, दोनदा) १२५१ गुण काढले, तेही लाकडी लाँगबोने आणि १००, ८०, ६० यार्डांवरून, म्हणजे नुसत्या टोकावर केवढं काम होतं बघा. क्युदो या जपानी धनुर्विद्येत २८ मीटरवरच्या ३६ सेंमीच्या टार्गेटसाठी धनुष्याची कड आणि मुठीवरचं वेताचं वेष्टन यांच्या आधाराने टार्गेट कुठे दिसतंय ते बघतात. वेगळी पिन नाही, पण डोळ्याला टेकायला जागा आहेच की.

मग साईटने नक्की काय बदलतं? हे आकड्यांत बघितलं की पटकन कळतं. बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरूया, लाकडी धनुष्यासाठी ठीकच आहे. हवेचा अडथळा सोडून दिला तर हा बाण १० मीटरपर्यंत साधारण २० सेंमी पडतो, २० मीटरपर्यंत ७८ सेंमी, आणि ४० मीटरपर्यंत तीन मीटरच्या वर. अंतर दुप्पट झालं की पडणं चौपट. त्यामुळे बाण कायम वरच्या दिशेने सोडावा लागतो, आणि बाण डोळ्याच्या १० सेंमी खाली असेल तर २० मीटरवर बाणाचं टोक मध्याच्या जवळजवळ दीड मीटर खाली, म्हणजे बऱ्याचदा टार्गेटच्या अलीकडच्या गवतावर दिसतं. दीड मीटरचा हा गॅप दर वेळी नजरेने मोजायचा, उन्हात, वाऱ्यात, थकलेले असताना, आणि तो पुन्हा प्रत्येक अंतराला वेगळा. साईट लावली की हा सगळा गॅप धनुष्यावरच बसतो आणि डोळा थेट मध्यावर ठेवता येतो. या धनुष्याला ६० मीटरच्या आसपास बाणाचं टोक आणि मध्य आपोआप जुळतील, त्या अंतराला पॉइंट-ऑन म्हणतात, आणि त्याच्या पुढे साईटला बाणाच्या वर जागाच उरत नाही. हलक्या धनुष्यांची हीच अडचण होते, पिन खाली खाली आणत शेवटी बाणालाच टेकते. अँकर, म्हणजे दोरीचं बोट चेहऱ्याला टेकतं ती जागा, हनुवटीखाली नेला की डोळा आणि बाणातलं अंतर वाढतं आणि पल्ला थोडा सुटतो.

साईट जुळवायचा नियम एकच, बाण जिकडे जातोय तिकडे पिन न्यायची. बाण वर लागत असेल तर पिन वर, डावीकडे जात असेल तर पिन डावीकडे. नवीन माणूस हमखास उलटं करतो कारण बाण वर गेला की सगळंच खाली घ्यावंसं वाटतं. किती हलवायची तेही काढता येतं, डोळ्यापासून पिन ८० सेंमीवर असेल तर पिन १ मिमी हलवल्यावर २० मीटरवर अडीच सेंमी आणि ४० मीटरवर ५ सेंमी फरक पडतो. आगकाडी बोटाने जरा ढकलली म्हणजे दोन-तीन मिमी सहज जातात, म्हणून हलवायच्या आधी पेन्सिलने खूण करून ठेवलेली बरी. आणि एका बाणावर कधीच हलवू नये, पाच-सहा बाणांचा ग्रुप कुठे पडतोय ते बघावं. ग्रुपच पडत नसेल, बाण सगळीकडे विखुरत असतील, तर पिन हलवून काहीच हाती लागणार नाही.

एक गंमत अशी की फार जवळच्या टार्गेटला जवळच्या अंतराची खूण चालत नाही. बाण डोळ्याच्या खालून निघतो आणि तीन मीटरवर त्याला तेवढं वर यायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे पिन जवळजवळ २० मीटरच्या खुणेवर न्यावी लागते. फिल्ड आर्चरीतल्या (मोकळ्या रानात वेगवेगळ्या अंतरांवर चालणाऱ्या तिरंदाजीतल्या) नवख्यांना हे खोटं वाटतं, एकदा बाण टार्गेटच्या खाली घुसला की पटतं.

आता खरा मुद्दा. बंदुकीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन खुणा असतात, धनुष्यावरची साईट ही फक्त पुढची खूण. मागची खूण म्हणजे तुमचा चेहरा, दोरीचं बोट गालाच्या हाडाला, ओठाच्या कोपऱ्याला किंवा हनुवटीखाली जिथे टेकतं तो अँकर. तो अर्धा सेंमी खाली सरकला तर ७० सेंमीच्या बाणाची शेपूट तेवढी खाली जाते आणि पिन बरोबर मध्यावर असूनसुद्धा २० मीटरवर बाण १४ सेंमी वर लागतो. तोंड जरा उघडं राहिलं, दात दाबले नाहीत, मान किंचित वळली, एवढ्यानेही हे होतं. साईटला यातलं काहीच दिसत नाही. तसंच दोरी दोन-तीन सेंमी कमी ओढली तर ताण दोन-तीन पौंड कमी पडतो आणि बाण खाली जातो, पारंपरिक धनुष्याला क्लिकर (पूर्ण ओढलं की टक् वाजणारी पट्टी) नसतो त्यामुळे हे सांगणारंही कोणी नाही. म्हणूनच माझ्या मते अँकर बसायच्या आधी साईट लावणं वाया आहे, आणि अँकर बसल्यावर लावली तर तिच्याइतका चांगला तपासनीस नाही, कारण नेमाची शंका मिटलेली असते आणि उरलेली प्रत्येक चूक शरीराची असते. डावं-उजवं जुळवायला मात्र एक मदत मिळते, ओढल्यावर डोळ्यासमोर दोरीची धूसर रेघ दिसते, ती दर वेळी पिनच्या किंवा लिंबच्या एकाच बाजूला ठेवायची. बेअरबोवाले, म्हणजे साईटशिवाय स्पर्धेत उतरणारे, साईटवाल्यांच्या उलट करतात, अंतराप्रमाणे बोटं दोरीवर खाली सरकवतात, म्हणजे पुढची खूण तीच ठेवून मागची हलवतात.

धनुष्य तिरकं धरायची सवय असलेल्यांना साईटचा त्रास होतो. पिन बाणाच्या ६ सेंमी वर असेल आणि धनुष्य १० अंश कललं तर पिन साधारण १ सेंमी बाजूला जाते, वरच्या हिशोबाने २० मीटरवर पाव मीटर. डोकंही सोबत कललं तर फरक कमी पडतो, पण दर वेळी तेवढंच कलणं सोपं नाही, त्यामुळे साईट लावली की धनुष्य उभं धरायचं हे ओघाने आलंच.

बाणाच्या कडकपणाचंही असंच. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार कडक बाण डावीकडे जातो, फार लवचिक उजवीकडे. पिन बाजूला नेऊन एका अंतरावर हे लपवता येतं, दुसऱ्या अंतरावर पुन्हा उघडं पडतं. बाण बदलायचे, पिन नाही.

लाकडी धनुष्याला साईटसाठी भोक पाडू नये, लाकूड तिथून तुटू शकतं. टेप आणि काडी पुरते. दोरीत बसवायची पीप साईट (आरपार बघायचं छोटं भोक) बोटाने सोडायच्या धनुष्याला नीट जमत नाही, दोरी फिरते आणि भोक डोळ्यासमोर राहत नाही.

स्पर्धेत उतरायचं असेल तर नियम आधी वाचावेत. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबोमध्ये साईट तर नाहीच, धनुष्यावर नेमाला उपयोगी पडेल अशी खूणही चालत नाही, आणि दोरी काढलेलं धनुष्य १२.२ सेंमीच्या कड्यातून पार जावं लागतं. ऑलिंपिकच्या रिकर्व्हला साईट चालते पण भिंग आणि पीप नाही, भिंग कंपाऊंडला (लिंबच्या टोकांना चाकं असलेल्या धनुष्याला) चालतं. सरावापुरती साईट लावून स्पर्धेआधी काढणारेही बरेच असतात. काहींना मात्र पिन समोर आली की बोटं सुटतच नाहीत किंवा पिन मध्यावर पोचायच्या आधीच सुटतात, याला टार्गेट पॅनिक म्हणतात, आणि अशा माणसाने काही काळ साईट काढून अगदी जवळून, रिकाम्या बटवर (टार्गेटचा कागद न लावलेल्या, बाण रुतायच्या गादीवर) बाण सोडलेले बरे.