गोल लाइनवर खाली वाकेल तो जिंकेल

मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एनएफएल या फुटबॉल लीगच्या संघांनी चक्क एका ढकलाढकलीवर मतदान केलं. फिलाडेल्फिया ईगल्सच्या 'टश पुश' या डावावर बंदी घाला, असा ग्रीन बे पॅकर्सचा प्रस्ताव होता. बंदीच्या बाजूने २२ मतं पडली, विरोधात १०. लागत होती २४, म्हणून डाव वाचला. (हा फुटबॉल हेल्मेट घालून खेळायचा, लंबगोल चेंडूचा. मेस्सीचा नव्हे.)

डाव दिसायला अगदी गावठी. गोल लाइन, म्हणजे चेंडू घेऊन ओलांडली की गुण मिळतात ती रेषा, जेमतेम यार्डभर, म्हणजे ९० सेंटिमीटरवर असते. क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याचा सूत्रधार, जेलन हर्ट्स चेंडू घेऊन आपल्याच धिप्पाड गड्यांच्या पाठीत घुसतो आणि मागचे त्याला ढुंगणावर रेटतात. एरवी इतक्या जवळून धावून जाणं अवघडच, कारण बचाव करणाऱ्यांना मागे राखायला फारसं मैदान उरत नाही आणि ते सगळे रेषेवरच दाटी करतात.

बघणाऱ्याला वाटतं, वजनदार संघ जिंकला. पण वजनं दोन्हीकडे साधारण सारखीच असतात. शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मी तुम्हाला जेवढ्या बलाने ढकलतो, तेवढ्याच बलाने तुम्ही मला ढकलता. मग मागे कोण सरकतो? ज्याचे पाय आधी घसरतात तो. झुंज खांद्यांशी दिसते, निकाल बुटांखाली लागतो.

समजा, दोघेही १४० किलोचे आहेत. खाली वाकलेला गडी १००० न्यूटन बल लावतो, पण ३० अंश वरच्या दिशेने. त्याचा उभा घटक ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाइतका. तेवढा भार समोरच्याच्या पायांवरून उतरतो आणि प्रतिक्रियेमुळे याच्या पायांवर चढतो. आता जमिनीच्या लेखी एक गडी १९० किलोचा आणि दुसरा ९० चा! आडवा घटक मात्र दोघांवर सारखाच, ८६६ न्यूटन. तो पेलायला खालच्याला ०.४६ घर्षणांक (पकड भागिले पायांवरचा भार) पुरतो, वरच्याला जवळजवळ १ लागतो. बुटांचे स्टड मातीत रुततात, त्यामुळे खरा हिशेब याहून किचकट आहे, पण कल हाच. जड लोखंडी कपाट आपण किंचित उचलून सरकवतो ते याचसाठी.

समालोचक मात्र 'ज्याला जास्त हवंय तो जिंकतो' असलं काहीतरी सांगत राहतात. जिद्दीने घर्षणांक वाढत नाही. कंबर खाली ठेवण्याचा, छोटी पावलं टाकण्याचा आणि सगळ्यांनी एकाच क्षणी सुटण्याचा सराव केला तर मात्र फरक पडतो. चेंडू हलला की डाव सुरू होतो, आणि तो कधी हलणार हे हल्लेखोरांना आधीच ठाऊक असतं. बचाव करणाऱ्यांना तो हललेला पाहून निघावं लागतं, आणि त्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो.

जानेवारी २०२५ मध्ये एनएफसी या एनएफएलमधल्या गटाच्या अंतिम सामन्यात ईगल्ससमोरच्या वॉशिंग्टन संघाच्या फ्रँकी लूव्हूने म्हणूनच रांगेवरून थेट उडी मारून पाहिली, तीही चेंडू हलण्याआधी. दंड झाला, पण दंडाने उरलेलं अंतर फक्त निम्मं होतं, आणि रेषेला खेटलेल्या चेंडूला त्याचं काय! बचावाकडून चुका होतच राहिल्या. शेवटी पंचांनी जाहीर केलं, आता पुन्हा केलंत तर गुण थेट ईगल्सना देऊन टाकता येतील.