गिम्पचं मॅन्युअल आणि ब्लेंडरचं मॅन्युअल: छापायची मुभा दोन्हींना, अटी मात्र वेगळ्या

दादर किंवा अंधेरीच्या ॲनिमेशन क्लासकडून गिम्प (चित्रं-फोटो संपादनाचा प्रोग्रॅम) आणि ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचा प्रोग्रॅम) यांच्या छापील मॅन्युअलची मागणी आली, की "दोन्ही ओपन सोर्स, बिनधास्त छापा" म्हणून फाइल थेट लोअर परळच्या प्रेसला जाते. छापायला, विकायला, वर चार पैसे सुटायलाही दोन्हींची ना नाही. पण दोन्हींचे परवाने वेगळे आहेत आणि सॉफ्टवेअरचा परवाना इथे उपयोगाचा नाही. गिम्प आणि ब्लेंडर हे प्रोग्रॅम जीपीएल या सॉफ्टवेअरसाठीच्या परवान्याखाली येतात. गिम्पचं मॅन्युअल मात्र ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली, म्हणजे जीएफडीएलखाली आहे आणि ब्लेंडरचं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एसए ४.० खाली.

बदल केलात तर तोही याच परवान्याखाली द्या, हे कलम दोन्हींत असल्यामुळे लोक त्यांना एकच समजतात. जीएफडीएल २००० साली आलं ते छापील पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून. त्यात प्रतींची संख्या मोजलेली आहे आणि कव्हरवर काय यावं याचीही तजवीज आहे. सीसीला प्रती किती आणि कव्हर कसलं याच्याशी देणंघेणं नाही, श्रेय नीट द्या म्हणजे झालं. म्हणून प्रेसकडून कोटेशन मागवायच्या आधी परवाना बघावा, कारण पानांचा हिशेबच त्यावर बदलतो.

जीएफडीएलमध्ये परवान्याचा पूर्ण मजकूर प्रत्येक प्रतीत छापावा लागतो, नुसती लिंक चालत नाही. डेमी आकारात बारीक टाइपात त्याची सात-आठ पानं होतात. ऑफसेटला १६ पानांचा फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच) धरला आणि मॅन्युअल १९२ पानांत, म्हणजे बरोबर १२ फॉर्मांत बसवलं, तर शेवटच्या क्षणी आठवलेली ही ८ पानं अर्धा फॉर्म वाढवतात. डिजिटल छपाईत हा प्रश्न येत नाही. सीसीत कॉपीराइटच्या पानावर सहा-सात ओळींत काम भागतं: कर्त्यांचं नाव, मूळ कॉपीराइट सूचना, परवान्याचं नाव आणि वेबपत्ता, हमी नसल्याची सूचना, मूळ मॅन्युअलचा वेबपत्ता आणि बदल केला असल्यास तसा उल्लेख. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वेबपानावरून पीडीएफ काढताना परवान्याची ओळ फुटरबरोबर गळते, किंवा राहिली तरी तिच्यामागची लिंक कागदावर दिसत नाही. पत्ता अक्षरांत छापा. क्यूआर कोड हवा तर सोबत द्या, पण त्याच्यावर विसंबू नका.

खरी मेख १०० प्रतींची. जीएफडीएलखाली १०० पेक्षा जास्त छापील प्रती काढल्या, तर प्रत्येक प्रतीसोबत संगणकाला वाचता येईल आणि माणसाला सहज बदलता येईल अशी फाइल द्यावी लागते, किंवा ती फाइल जिथे कोणालाही उतरवून घेता येईल असा पत्ता पुस्तकात छापावा लागतो. प्रेसला दिलेली पीडीएफ इथे चालत नाही, कारण ती फक्त छपाईसाठी काढलेली असते. गिम्पच्या मॅन्युअलच्या मूळ फाइली डॉकबुक एक्सएमएल या साध्या मजकुराच्या स्वरूपात आहेत, त्या ठेवायच्या. त्याही ज्या आवृत्तीचं पुस्तक छापलं तिच्याच. प्रकल्पाच्या साइटवरची आवृत्ती पुढे सरकत राहते, म्हणून तिकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये, स्वतःची प्रत चढवावी. शेवटची प्रत वितरित झाल्यापासून किमान एक वर्ष तो पत्ता चालू असला पाहिजे आणि यात विक्रेत्यामार्फत गेलेली प्रतही धरली जाते. फोर्टमधल्या एखाद्या दुकानात पाच प्रती पडून असतील, तर त्या संपेपर्यंत वर्षाची मोजणी सुरूच होत नाही. "आत्ता ९० काढू, पुढच्या महिन्यात परत ९०" ही पळवाट सुचते, पण तिच्या भरवशावर राहू नये. पत्त्याची एक ओळ पहिल्या प्रतीपासूनच छापली तर कटकट उरत नाही.

कव्हरच्या बाबतीत गिम्पचं मॅन्युअल सोपं आहे, कारण त्याच्या सूचनेतच मुखपृष्ठ-मलपृष्ठावरचा सक्तीचा मजकूर नाही आणि न बदलता येणारे भागही नाहीत असं लिहिलंय. सगळ्या जीएफडीएल मॅन्युअलांचं असं नसतं. ग्नू ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या मॅन्युअलच्या १०० वर प्रती काढल्या, तर मुखपृष्ठावर ‘अ ग्नू मॅन्युअल’ हे शब्द आणि मलपृष्ठावर ठरवून दिलेला मजकूर इंग्रजीत, जसाच्या तसा यावा लागतो. डिझायनरला हे आधीच सांगा, नाहीतर लॅमिनेशन झाल्यावर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

आता बदलाचं बघू. गडद थीमचे स्क्रीनशॉट काळ्या-पांढऱ्या छपाईत, ७० जीएसएम मॅप्लिथो कागदावर, काळे ठोकळे होऊन बसतात, मेनूतली अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून उजळ थीम लावून नवे स्क्रीनशॉट घेतले जातात, आणि इथेच दोन्ही वाटा फुटतात. ब्लेंडरच्या पुस्तकात ‘स्क्रीनशॉट बदलले आहेत’ एवढी नोंद पुरते. गिम्पच्या पुस्तकात तेवढ्यानं ती ‘बदललेली आवृत्ती’ ठरते: शीर्षक मूळापेक्षा वेगळं ठेवायचं, शीर्षकपानावर बदल करणाऱ्यांची आणि मूळच्या किमान पाच प्रमुख लेखकांची नावं द्यायची (पाचाहून कमी असतील तर सगळ्यांची), प्रकाशकाचं नाव टाकायचं आणि ‘हिस्टरी’ नावाच्या भागात नवीन नोंद करायची. मराठी अनुवादही बदलच. परवान्याचा अनुवाद दिलात तरी इंग्रजी मूळ सोबत हवंच.

दोन्ही मॅन्युअल एका बायंडिंगमध्ये स्वतंत्र भाग म्हणून देता येतात, प्रत्येकाचा परवाना आपापल्या जागी ठेवून. पण गिम्पचा परिच्छेद उचलून ब्लेंडरच्या प्रकरणात मिसळता येत नाही. विकिपीडिया २००९ मध्ये जीएफडीएलवरून सीसीवर गेला, मग आपल्याला का नाही, असं विचारलं जातं. ती सवलत विकीसारख्या साइटींपुरती होती आणि तिची मुदत १ ऑगस्ट २००९ ला संपली.

दोन्हीकडे सारखाच घात करते ती डीटीपीवाल्याची सवय. जुन्या पुस्तकाची फाइल उघडून तेच कॉपीराइटचं पान चिकटवलं जातं आणि त्यात ‘सर्व हक्क स्वाधीन, प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय झेरॉक्स काढण्यास मनाई’ राहून जातं. असं जास्तीचं बंधन दोन्ही परवान्यांना चालत नाही. अट मोडली की परवान्यानं दिलेले हक्क जातात. सीसी ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर ते आपोआप परत मिळतात. जीएफडीएलच्या १.२ आवृत्तीत अशी सोय नाही, १.३ मध्ये आहे. गिम्पचं मॅन्युअल ‘१.२ किंवा पुढची कोणतीही’ असं असल्यामुळे १.३ निवडणं शहाणपणाचं.

ब्लेंडरचा नारिंगी लोगो कव्हरभर लावू नये, ट्रेडमार्कचा हक्क सीसी देत नाही. आणि परवाना कोणताही असो, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पोचवायची असते. मुंबईतलं टाउन हॉलचं ग्रंथालय त्यातलंच, तेव्हा छापतानाच चार प्रती बाजूला काढा.