पहिलटकरणीला वेळ लागतोच

कळा सुरू झाल्याचा फोन आला की घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘अजून किती वेळ?’ पहिलटकरीण असेल तर उत्तर असतं, बराच. सकाळी कळा सुरू झाल्या आणि बाळ दुसऱ्या दिवशी पहाटे आलं, असं कित्येक घरांत झालेलं असतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. पण हे ना बाहेर बाकावर बसलेल्यांना कुणी सांगितलेलं असतं, ना आत कळा सोसणाऱ्या मुलीला. मग सहा तासांतच ‘अडली की काय’ अशी कुजबुज सुरू होते. त्या तासांत शरीर काय करत असतं ते आधीच कळलं, तर यातली बरीचशी भीती जाईल असं मला मनापासून वाटतं.

गर्भाशयाचं तोंड, लेबर रूमच्या भाषेत ‘पिशवीचं तोंड’, नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. लांबी साधारण तीन-चार सेंटिमीटर. एरवी ते बोटाला नाकाच्या शेंड्याइतकं टणक लागतं. दिवस भरत आले की त्यातल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांची वीण सैल होते, पाण्याचं प्रमाण वाढतं आणि ते ओठांइतकं मऊ पडतं. तिकडे गर्भाशयाचे स्नायूही तयार होत असतात. शेजारशेजारच्या पेशींमध्ये विजेचे संदेश पोचवणाऱ्या जोडण्या तयार होतात, त्यामुळे कळ आली की सगळा स्नायू एकजुटीने आवळला जातो. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा संदेश टिपणाऱ्या जागाही पेशींवर कित्येक पटींनी वाढतात.

आता ज्या कळा येतात त्या खऱ्या. पोटावर हात ठेवला तर स्पष्ट कळतं. पोट हळूहळू कडक होत जातं, मिनिटभर तसंच राहतं, मग सैल पडतं. पण स्नायूंचे धागे पहिल्या लांबीवर परत येत नाहीत, दर कळेनंतर किंचित आखूडच राहतात. असं होत होत गर्भाशयाचा वरचा भाग जाड होत जातो आणि खालचं तोंड वर ओढलं जातं. पहिलटकरणीचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडायला लागतं. दुसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरच होतं. म्हणून चार-पाच तास कळा सोसल्यावर तपासणीत ‘अजून दोनच बोटं’ (तोंड किती उघडलं ते बोटांनी मोजतात) हे ऐकून जिला रडू फुटतं, तिला सांगावंसं वाटतं की बाई, तोंड पातळ होण्याचं जे मोठं काम झालंय ते बोटांच्या हिशेबात दिसत नाही.

पुढे बाळाचं डोकं तोंडावर दाबलं जातं, त्या ताणाची वर्दी मेंदूपर्यंत जाते, तिथून आणखी ऑक्सिटोसिन सुटतं, कळ आणखी जोराची येते आणि दाब आणखी वाढतो. १९४१ मध्ये फर्ग्युसन या संशोधकाने सशांवर प्रयोग करून हे चक्र दाखवून दिलं. ते थांबतं बाळ बाहेर आल्यावरच.

मग ‘वेळ लागतोय’ हे ठरवायचं कशावरून? १९५५ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून तोंड उघडण्याचा आलेख मांडला. अशा आलेखांवरून पुढे ‘ताशी एक सेंटिमीटर’ हा हिशेब जगभरच्या लेबर रूममध्ये रुजला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की हा वेग काही बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत कळांना वेग येईलच असं नाही, आणि त्यानंतरही पहिलटकरणीला दहा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, पोचायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आई आणि बाळ ठीक असतील, तर पाच सेंटिमीटरच्या आधी कळा वाढवण्याची घाई करू नये, असंही तिने सांगितलं. नुसतं घड्याळ पुरत नाही, बाळाचे ठोके आणि आईची तब्येत सोबत पाहावी लागते.

दोन कळांमधली उसंतही फार महत्त्वाची. कळ ऐन भरात असताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. उसंतीत ते पुन्हा भरून वाहतं, बाळाला प्राणवायू मिळतो. त्यासाठीच कळा वाढवण्याचं सलाईन लावलं की थेंब मोजून सोडतात आणि ठोके वरचेवर ऐकतात.

आता भीतीबद्दल. घाबरलं की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, आणि गर्भाशयाच्या स्नायूवर ते ज्या जागी जाऊन बसतं तिथून स्नायूला सैल पडण्याचा इशारा मिळतो. दिवस भरण्याआधी सुरू झालेल्या कळा थांबवायला डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जी औषधं वापरली, त्यांतली काही नेमकी याच जागी काम करतात. म्हणजे अनोळखी खोली, शेजारच्या खाटेवरचा आक्रोश, वरून ‘ओरडू नकोस’ म्हणून बसणारी दटावणी यांनी नुसतं मन खचत नाही, कळाही मंदावू शकतात.

पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा बायका जीव गमवायच्या, त्याचे गोडवे गायचं कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, हे फार चांगलं झालं. पण घरी ती एकटी नसायची. सुईण असायची, पाठ चोळणारी काकू-मावशी असायची. दवाखान्यात जाताना ही सोबत आपण दाराबाहेर ठेवली.

सोबतीने काय होतं, हे मोजलं गेलंय. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका दवाखान्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही पहिलटकरणींजवळ एक अनोळखी पण मायाळू बाई बसवली होती. पाठीवरून हात फिरवायचा, हात धरायचा, बोलत राहायचं, एवढंच तिचं काम. जिथे गुंतागुंत झाली नाही तिथे भरती झाल्यापासून बाळ होईपर्यंतचा वेळ सोबत असलेल्यांना निम्म्याहून कमी लागला. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांच्या माहितीवरून दिसलं की सतत सोबत मिळाली तर सिझरचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळ थोडा आटोपता होतो आणि बाळंतपणाची कटू आठवणही कमी जणींना राहते.

या सोबतीची सगळ्यात जास्त गरज लागते आठ-नऊ सेंटिमीटरला. कळा लागोपाठ येतात, अंग थरथरतं, उलटी होते, आणि तोपर्यंत धीराने घेणारी बाईही म्हणते, ‘मला नाही जमणार आता.’ माझ्याही तोंडून हेच निघालं होतं. जवळच्या वयस्क सिस्टरांनी माझं मनगट धरून सांगितलं, ‘असं म्हणायला लागलीस ना, म्हणजे जवळ आलंय.’ आणि तसंच झालं. ते वाक्य त्या वेळी मला कुठल्याही इंजेक्शनपेक्षा मोलाचं वाटलं.

थांबायचं कुठे, हेही ठाऊक हवं. बाळाचे ठोके बिघडले, बाळाभोवतीच्या पाण्याचा रंग हिरवा दिसला, अंगावरून लाल रक्त जायला लागलं, ताप आला, रक्तदाब चढला, तर ‘नॉर्मलच हवं’ हा हट्ट क्षणभरही धरू नये. अशा वेळी सिझर जीव वाचवतं आणि तसं झालेली आई कुठेही कमी पडलेली नसते.

कळांच्या वेळी जवळ बाईमाणूस असावं अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ मध्येच काढल्या आहेत. तेव्हा आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच विचारून ठेवा: आत कोण येऊ शकेल, कळा सुरू असताना चालता-फिरता येईल का, पाणी आणि हलकं काही खाता येईल का, उताणं न झोपता कुशीवर किंवा उकिडवं बसून जोर लावता येईल का. आणि आत कोण येणार ते घरी ठरवताना आधी तिला विचारा. कधी आई हवी असते, कधी सासू, कधी नवरा, कधी जिवाभावाची जाऊ.