माध्यमे आणि मुले : नागपुरातून दिसणारी पार्श्वभूमी

माध्यमांमुळे मुले बिघडतात का, हा वाद आज मोबाइलभोवती फिरत असला तरी त्याची सुरुवात चित्रपटगृहापासून झाली. अमेरिकेत १९२९ ते १९३२ या काळात पेन फंड या खासगी निधीच्या मदतीने चित्रपट आणि मुले यांचा विस्तृत अभ्यास झाला. पुढे १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी ७२ बालकांपैकी काहींसमोर मोठ्या माणसांना एक फुगीर बाहुली बडवायला लावली, आणि त्या बालकांनी पुढे तेच केले. मार खाऊन पुन्हा उभी राहण्यासाठीच बनवलेल्या बाहुलीला मारणे ही आक्रमकता की निव्वळ खेळ, हा त्यावरचा जुना आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

नागपुरात या विषयाला दुसरी बाजू आहे, ती जाहिरातीची. येथील आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, पण त्यावरून जवळपास वीस वर्षे कोणी काही विकत नव्हते (जाहिराती वाजवणारे श्रीलंकेतील रेडिओ सिलोन लावणाऱ्या घरांची गोष्ट वेगळी). १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरूनच. दूरदर्शनवर त्या १९७६ मध्ये आल्या. खिशात पैसा नसलेले, पण घरात हट्ट धरू शकणारे मूल तेव्हापासून ग्राहक म्हणून मोजले जाऊ लागले.

तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आली, तरी पानमसाल्याची नावे वेलचीच्या पुड्यांवरून पडद्यावर येत राहिली. मात्र सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पानठेल्यावर बनणाऱ्या आपल्याकडच्या खर्‍याला ना ब्रँड आहे ना जाहिरात, तरीही तो किशोरांपर्यंत पोहोचलाच. बंडुरा यांच्या पहिल्या प्रयोगात पडदा नव्हता, समोर जिवंत माणसे होती, हे इथे आठवते. पडद्यावरचा प्रयोग १९६३ चा.

१९६७ मधल्या जाहिरातीला आपल्याला कोण ऐकत आहे हे ठाऊक नसे. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने आणि २०२० मधल्या ऑनलाइन वर्गांनी मोबाइल मुलांच्या हाती दिला, आणि ही स्थिती उलटली: समोर कोण आहे हे आता जाहिरातीला ठाऊक असते. म्हणूनच २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची अट आहे आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई आहे.