खाणीचे पाणी तपासताना फक्त पीएच पाहू नका

जुनी खाण, खोदकामातून निघालेल्या दगडांचे ढिगारे किंवा खनिज वेगळे केल्यावर उरलेला गाळ यांतून झिरपणाऱ्या पाण्याचे नमुने आपण आमच्याकडे तपासायला पाठवता. सोबतच्या चिठ्ठीवर बरेचदा एवढेच असते: ‘पीएच काढून द्या.’ पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आहे हे दाखवणारा आकडा; तो ७ च्या जितका खाली, तितके पाणी अधिक आम्ल. तो आम्ही काढून देतोच. पण केवळ त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, असे आम्हांला कळकळीने वाटते.

आम्ल येते कुठून?

कोळशाच्या थरांत आणि अनेक धातुखनिजांत पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. खोल जमिनीत हवा पोहोचत नाही तोवर त्याचा त्रास नसतो. खोदकामाने खडक फुटला, हवा-पाणी लागले, की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि लोह पाण्यात उतरते. आधी हे सावकाश चालते. पीएच ४ च्या खाली घसरला की लोहावर जगणारे जिवाणू फोफावतात आणि आम्ल कित्येक पट वेगाने तयार होऊ लागते. आम्लात मग खडकातले ॲल्युमिनियम, मँगनीज, तांबे, जस्तही विरघळते. खाण बंद केली म्हणून हे थांबत नाही. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन इथले खाणकाम १९६३ मध्ये थांबले. त्यानंतर कित्येक वर्षांनी तिथल्या पाण्याचा पीएच उणे ३.६ भरला!

नितळ पाणी फसवते

भूगर्भातून नुकतेच बाहेर आलेले पाणी पुष्कळदा स्वच्छ दिसते आणि पीएच ६ च्या आसपास असतो. त्यातले लोह मात्र फेरस, म्हणजे हवा न लागलेल्या रूपात विरघळलेले असते. हवेशी संबंध आला की ते नारिंगी गाळ होऊन खाली बसते, आणि बसताना आणखी आम्ल सोडते. त्यामुळे उगमाशी ठीक वाटलेले पाणी थोडे पुढे गेल्यावर आंबट झालेले असते. ओढ्याच्या तळावर त्या गाळाचा थर चढतो, दगडांखालचे किडे मरतात आणि त्यांवर जगणारे मासेही जातात.

पाण्यात पुरेशी क्षारता, म्हणजे आम्ल निववण्याची (उदासीन करण्याची) क्षमता असेल, तर हे नवे आम्ल तिथल्या तिथे निवते. म्हणून खरा प्रश्न आहे एकूण आम्लता (विरघळलेल्या लोहासारख्या धातूंतून पुढे सुटणारे आम्लही धरून) जास्त की क्षारता. क्षारता जास्त असेल, तर हवा देऊन गाळ बसवणारे तळे किंवा उथळ पाणथळ पुरू शकते. आम्लता जास्त असेल, तर चुना किंवा चुनखडी लागणारच. चुनखडीवर लोहाचे कवच चढून ती निकामी होते, हेही नियोजनात धरा.

नमुना घेताना

पीएच जागेवरच मोजा, कारण प्रवासात तो बदलतो. नमुना दोन बाटल्यांत घ्या. एक काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडाही नको. ती आम्लता आणि क्षारतेसाठी. दुसरी धातूंसाठी: पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घाला, म्हणजे लोह बाटलीतच खाली बसणार नाही. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चश्मा हवाच. दोन्ही बाटल्या बर्फात ठेवून लवकर पोहोचवा.

एकच नमुना घेणार असाल, तर कोरड्या दिवसांनंतरचा पहिला मोठा पाऊस साधा. ढिगाऱ्यावर साठलेली पांढरी-पिवळी क्षारांची (मिठासारख्या धातुसंयुगांची) पापडी तेव्हा धुऊन येते आणि वर्षातले सर्वांत वाईट पाणी बहुधा तेच असते.

प्रवाहही मोजून कळवा. बादली आणि घड्याळ पुरते. समजा, लिटरला ३०० मिलिग्रॅम आम्लता आहे (म्हणजे ती निववायला लिटरला तेवढी शुद्ध चुनखडी लागते) आणि सेकंदाला १ लिटर पाणी येते. मग ते आम्ल निववायला रोज सुमारे २६ किलो शुद्ध चुनखडी लागेल, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. प्रवाहाचा आकडा नसेल, तर हा हिशेब आम्हांला मांडता येत नाही.