नियम कुठे लिहिलेत? बँकांमधल्या डेटा इंटिग्रेशनची पार्श्वभूमी

रिझर्व्ह बँकेने 14 सप्टेंबर 2020 रोजी एक परिपत्रक काढलं. कर्जखातं एनपीए, म्हणजे थकल्यामुळे उत्पन्न न देणारं, ठरवणं, त्यावरच्या व्याजाची उत्पन्न म्हणून नोंद थांबवणं, संभाव्य तोट्यासाठी तरतूद काढणं ही सगळी कामं बँकांनी 30 जून 2021 पर्यंत सिस्टीमवर आणावीत, माणसाने हाताने आकडे भरू नयेत, असा त्याचा आशय. वरवर पाहता हा हिशेबाचा विषय. पण बँकांच्या आयटी विभागात ज्यांच्या टेबलावर हे काम आलं, त्यांच्यासाठी तो मुख्यतः डेटा इंटिग्रेशनचा, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टीममधली माहिती एकत्र जुळवण्याचा, विषय होता.

कारण एनपीएचा नियम एकेका खात्याला लागत नाही, कर्जदाराला लागतो. समजा सुनंदाबाईंचं गृहकर्ज बँकेच्या कर्ज-सिस्टीममध्ये आहे, ओव्हरड्राफ्ट कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या शाखांच्या खात्यांच्या मध्यवर्ती सिस्टीममध्ये, आणि क्रेडिट कार्ड तिसऱ्याच सिस्टीममध्ये. कार्डाची थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली, तर गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरलेले असले तरी त्यांची सगळी कर्जं एनपीए धरायची. आणि हे रोज रात्री, दिवसअखेरीच्या प्रक्रियेतच कळलं पाहिजे. आता गृहकर्जात नाव आहे ‘सुनंदा विनायक कुलकर्णी’, कार्डावर ‘एस. व्ही. कुलकर्णी’ आणि कोअरमध्ये ‘कुलकर्णी सुनंदा व्ही’. पॅन दोन ठिकाणी आहे, तिसरीकडे रकाना रिकामा. एका ठिकाणी जन्मतारीख 01-01-1900 आहे, कारण खातं उघडलं तेव्हाच्या सॉफ्टवेअरला तो रकाना रिकामा चालत नव्हता आणि काउंटरवरच्या माणसापुढे रांग होती. या तीन नोंदी एकाच बाईंच्या आहेत हे कुणी ठरवायचं? कोणत्या नियमाने? आणि तो नियम लिहून कुठे ठेवायचा?

मोठ्या संस्थेतल्या डेटा इंटिग्रेशनच्या साधनांचा इतिहास मला तरी या शेवटच्या प्रश्नाचाच इतिहास वाटतो. साधनं बदलत गेली, वेग वाढला, किमती वाढल्या. पण दर पिढीत खरा बदल झाला तो इतकाच, की संस्थेचे नियम कुठे लिहिले जातात आणि ते कोणाला वाचता येतात.

आपल्याकडच्या बँकांची सुरुवात विखुरलेलीच होती. 1984 मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रं, येऊ लागली. पुढे शाखेचं पूर्ण संगणकीकरण झालं, पण तेही शाखेपुरतंच. दादरच्या शाखेतला ग्राहक क्रमांक ठाण्याच्या शाखेला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. केंद्रीय दक्षता आयोगाने 1 जानेवारी 2001 पर्यंत 70 टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याची मुदत घालून दिली, तेव्हा धावपळ झाली ती अशा शाखा-शाखांत सॉफ्टवेअर बसवण्याची. मुख्यालयाला काही हवं असेल तर शाखा विवरणपत्र भरून पाठवायची, विभागीय कार्यालय बेरीज करायचं आणि ती बेरीज वर जायची. नियम माणसांच्या डोक्यात होते, परिपत्रकांच्या फायलींत होते. शाखेतल्या अनुभवी अधिकाऱ्याला विचारलं की उत्तर मिळायचं, ही त्या व्यवस्थेची ताकद होती. तो निवृत्त झाला की उत्तरही गेलं.

मग कोअर बँकिंग आलं. इन्फोसिसचं फिनॅकल, टीसीएसचं बँक्स, मुंबईत वाढलेल्या आय-फ्लेक्सचं फ्लेक्सक्यूब. शाखांचा डेटा एका मध्यवर्ती सिस्टीममध्ये ओतणं हे भारतीय बँकांनी केलेलं पहिलं प्रचंड डेटा इंटिग्रेशन, जरी तेव्हा त्याला फक्त ‘मायग्रेशन’ म्हणत. ते बहुतांशी हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टवर झालं. शाखेचा डेटा काढायचा, ठरलेल्या साच्यातली टेक्स्ट फाइल बनवायची, ती अपलोड करायची, जुन्या आणि नव्या शिलकांचा ताळमेळ घ्यायचा. ताळमेळ रुपया-पैशाचा होता आणि तो चोख झाला. नाव, पत्ता, जन्मतारीख यांचा ताळमेळ घेण्याचं बंधन नव्हतं. मग 1900 सालची जन्मतारीख आहे तशी पुढे आली.

अमेरिका आणि युरोपातल्या मोठ्या संस्था या अडचणीत आपल्या बऱ्याच आधी सापडल्या होत्या. तिथे मेनफ्रेम, म्हणजे मोठे मध्यवर्ती संगणक होते, कोबोल या जुन्या संगणकभाषेतले हजारो प्रोग्रॅम होते, आणि एका सिस्टीमची फाइल दुसरीला देण्यासाठी दरवेळी नवा प्रोग्रॅम लिहिला जायचा. नियम त्या प्रोग्रॅमच्या पोटात. ज्याने लिहिला त्याला कळायचा, इतरांना फक्त निकाल दिसायचा. 1988 मध्ये आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी कंपनीच्या सिस्टीम्स जर्नलमध्ये एक लेख लिहून व्यवहाराच्या सिस्टीमपासून वेगळा, विश्लेषणासाठीचा एकत्र डेटासाठा कसा उभारावा याचा आराखडा मांडला. बिल इनमन यांनी डेटा वेअरहाउसची कल्पना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लोकप्रिय केली. त्यांचीच प्रिझम सोल्यूशन्स आणि ऑस्टिनमधली ईटीआय या कंपन्यांची उत्पादनं कोबोलसारखा कोड आपोआप तयार करून द्यायची. प्रोग्रॅमरचे हात मोकळे झाले, पण निघालेला कोड वाचणं तितकंच अवघड राहिलं.

खरा फरक पडला 1993 नंतर. त्या वर्षी कॅलिफोर्नियात गौरव धिल्लन आणि डियाझ नेसमनी यांनी इन्फर्मॅटिका सुरू केली. त्यांच्या साधनात कोड बनत नव्हता. पडद्यावर डावीकडे सोर्सचं टेबल, उजवीकडे टार्गेटचं, मध्ये लूकअप, फिल्टर, अ‍ॅग्रिगेटर, एक्स्प्रेशन असे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. या चित्राला मॅपिंग म्हणतात. मॅपिंग एका मध्यवर्ती रिपॉझिटरीत, म्हणजे कोठारात, साठवलं जातं आणि इंजिन ते वाचून चालवतं. याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये व्हीमार्क कंपनीत डेटास्टेज तयार झालं. ते मालक बदलत बदलत 2005 मध्ये असेन्शियल या कंपनीसह सुमारे 1.1 अब्ज डॉलरला आयबीएमकडे गेलं. थिंकिंग मशीन्स ही महासंगणक बनवणारी कंपनी 1994 मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर तिच्या सहसंस्थापक शेरिल हँडलर यांनी पुढच्या वर्षी अ‍ॅब इनिशिओ काढली. समांतर प्रक्रियेचं तिथलं ज्ञान या साधनात उतरलं आणि प्रचंड मोठ्या फायली असणाऱ्या बँका, टेलिकॉम कंपन्या तिच्या ग्राहक झाल्या. मायक्रोसॉफ्टने 1998 मध्ये एसक्यूएल सर्व्हर 7.0 या आपल्या डेटाबेसबरोबर असं साधनही दिलं, त्यामुळे मध्यम आकाराच्या संस्थांनाही ते परवडू लागलं.

मॅपिंगच्या चित्राचं मोल मला फार वाटतं. त्यात पहिल्यांदाच असं घडलं की एखाद्या अहवालातल्या रकान्यावर बोट ठेवून, हा आकडा कुठून आला, वाटेत त्याचं काय झालं, हे मागे मागे शोधता यायला लागलं. या मागोव्याला लिनिएज म्हणतात. नियम प्रोग्रॅमच्या पोटातून बाहेर येऊन पडद्यावर आला. बँकेच्या क्रेडिट विभागातला अधिकारी कोड वाचू शकत नाही, पण शेजारी डेव्हलपर बसला तर मॅपिंगवरून बोट फिरवत ‘हे इथे चुकतंय’ असं नक्की म्हणू शकतो.

प्रत्यक्षात हे किती संस्थांत झालं? कमी. याचं एक कारण या कामाची जी विभागणी झाली, त्यात आहे. 2000 नंतर युरोप-अमेरिकेतल्या बँकांचं ईटीएलचं, म्हणजे डेटा एका सिस्टीममधून काढून, बदलून दुसरीत भरण्याचं, काम मोठ्या प्रमाणात भारतात आलं. पुण्यात हिंजवडी-खराडी, मुंबईत पवई-ऐरोली इथे एक अख्खी पिढी इन्फर्मॅटिका आणि डेटास्टेजवर घडली. मराठी घरांतली किती मुलं-मुली रात्रपाळीत लंडन-न्यूयॉर्कच्या बँकांचे जॉब, म्हणजे डेटा हलवणाऱ्या प्रक्रिया, सांभाळत होती, पहाटे तीनला फेल झालेला वर्कफ्लो पुन्हा चालवून नाकारल्या गेलेल्या नोंदींची रिजेक्ट फाइल तपासत होती! त्यांचं कौशल्य अस्सल होतं. पण नियम ठरवणारा माणूस दुसऱ्या खंडात आणि तो मॅपिंगमध्ये उतरवणारा इथे. मध्ये एक एक्सेल शीट: सोर्स कॉलम, टार्गेट कॉलम, लॉजिक. घाईच्या वेळी बदल मॅपिंगमध्ये व्हायचा आणि शीट जुनीच राहायची. काही वर्षांनी टीम बदलली की ‘स्टेटस 7 असेल तर वगळा’ ही अट का आहे, हे सांगणारं कोणी उरत नसे. अट दिसायची, कारण दिसायचं नाही.

कारण विचारायला शेवटी नियामकांनी भाग पाडलं. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली, तेव्हा आपली त्या एका कंपनीकडे एकूण किती रक्कम अडकली आहे याची बेरीज अनेक मोठ्या बँकांना पटकन करता आली नाही. आकडे होते, पण वेगवेगळ्या सिस्टीममध्ये, वेगवेगळ्या नावांखाली. त्या अनुभवातून बँकांवरच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझेल समितीने जानेवारी 2013 मध्ये जोखमीच्या डेटाच्या एकत्रीकरणाची 14 तत्त्वं जाहीर केली. बीसीबीएस 239 या क्रमांकानेच ती ओळखली जातात. जगातल्या सर्वांत मोठ्या बँकांना त्यासाठी जानेवारी 2016 ची मुदत होती आणि अनेक बँकांना ती गाठता आली नाही.

आपली रिझर्व्ह बँक या बाबतीत मागे नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. नोव्हेंबर 2010 मध्येच तिने ऑटोमेटेड डेटा फ्लोचा दृष्टिकोन-आराखडा प्रसिद्ध केला होता. बँकांनी विवरणपत्रं हाताने भरू नयेत. मूळ सिस्टीममधून डेटा मध्यवर्ती साठ्यात यावा आणि तिथून थेट विवरणपत्र तयार व्हावं, अशी त्यातली मांडणी. बँकांमध्ये ‘एडीएफ प्रोजेक्ट’ हा शब्द रुळला तो तेव्हापासून. अनेक बँकांनी ईटीएलची साधनं खरेदी केली किंवा वाढवली ती याच गरजेपोटी. तरीही मधली एक्सेल शीट बराच काळ टिकून राहिली: सिस्टीममधून आकडा यायचा, कोणीतरी तो ‘दुरुस्त’ करायचं आणि मग विवरणपत्र जायचं. 2020 च्या परिपत्रकाचा रोख अशाच मधल्या हातांवर होता. पुढे 30 जून 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने स्वतःकडच्या संकलनासाठी सीआयएमएस ही नवी माहिती-व्यवस्थापन प्रणाली सुरू केली.

मधल्या काळात विलीनीकरणांनी हे काम आणखी बिकट केलं. 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक आल्या. 1 एप्रिल 2019 ला मुंबईची देना बँक आणि विजया बँक यांचं बँक ऑफ बडोदामध्ये विलीनीकरण झालं. 1 एप्रिल 2020 ला, देशात टाळेबंदी असताना, दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. त्यात मुंबईतल्या युनियन बँकेत आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक आल्या. ही चौकडी जाहीर करताना सरकारने एक मुद्दा आवर्जून मांडला होता: एकत्र येणाऱ्या बँकांचं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर एकच आहे. तो विचार योग्यच होता, त्यामुळे काम नक्कीच सोपं झालं. पण सॉफ्टवेअर एक असलं तरी स्कीम कोड, म्हणजे कर्ज-ठेवींच्या प्रकारांचे संकेतांक, प्रत्येक बँकेचे स्वतंत्र असतात. एकीकडे शेतीकर्जाच्या ज्या कोडमध्ये पीककर्ज आणि ट्रॅक्टर एकत्र, तिथे दुसरीकडे दोन वेगळे कोड. एकाच शेतकऱ्याचे दोन बँकांत दोन ग्राहक क्रमांक, दोन गावांचे पत्ते. सॉफ्टवेअर एक असल्याने टेबलांची नावं जुळतात, आतल्या नोंदींचा अर्थ जुळवायला माणसंच बसवावी लागतात.

या सगळ्यात साधनांचंही एक वळण झालं. आधी डेटा वाटेत बदलून मग साठ्यात भरत. डेटाबेस ताकदवान झाल्यावर क्रम उलटला: आधी आहे तसा भरा, मग तिथेच बदला. ओरॅकलने 2006 मध्ये विकत घेतलेल्या सनॉप्सिस या कंपनीचं साधन याच पद्धतीचं होतं. पुढे क्लाउड आलं, स्नोफ्लेक आणि बिगक्वेरीसारखे साठे आले, आणि 2016 पासून डीबीटी या साधनाने बदलाचे नियम पुन्हा एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या मजकुरात आणले. इन्फर्मॅटिका 2015 मध्ये पर्मिरा ही गुंतवणूक कंपनी आणि कॅनडाच्या पेन्शन फंडाने 5.3 अब्ज डॉलरला शेअर बाजारातून बाहेर काढली, 2021 मध्ये ती पुन्हा बाजारात आली आणि 2025 मध्ये सेल्सफोर्सने सुमारे 8 अब्ज डॉलरला विकत घेतली.

मजकुराकडे परतण्याचे फायदे आहेत. कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नीट राहतो, चाचण्या लिहिता येतात. डेव्हलपर खूश आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. मला काळजी वाटते ती क्रेडिट विभागातल्या त्या अधिकाऱ्याची. चित्रावर बोट ठेवून तो काही म्हणू शकत होता. दोनशे ओळींच्या एसक्यूएलसमोर तो पुन्हा गप्प बसेल.

सध्या अनेक बँकांमध्ये जुनी हजारो मॅपिंग नव्या क्लाउड साधनांत हलवण्याची कामं चालू आहेत किंवा निविदेच्या टप्प्यावर आहेत. रूपांतर बरंचसं आपोआप होतं. ‘स्टेटस 7 असेल तर वगळा’ ही अटही आपोआपच नव्या ठिकाणी जाते, तिचं कारण कोणालाही न विचारता. आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सामान्य ग्राहकालाही हक्क देण्याची तरतूद आहे: आपल्याबद्दलची कोणती माहिती संस्थेकडे आहे, तिचं काय केलं जातं हे विचारण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा. सुनंदाबाईंनी उद्या अर्ज करून आपली 1900 सालची जन्मतारीख बदलून मागितली, तर बँकेला ती एका सिस्टीममध्ये बदलून भागणार नाही. ती तारीख कोणकोणत्या जॉबमधून कुठकुठे गेली हे आधी शोधावं लागेल. ज्या बँकांनी हलवाहलवीच्या वेळी प्रत्येक नियमासमोर तो कोणत्या विभागाचा आणि कशासाठी आहे हे लिहून घेतलं, त्यांना तो शोध रिपॉझिटरीत घेता येईल. बाकीच्यांना जुन्या टीममधल्या लोकांचे फोन नंबर शोधावे लागतील.